गोमाजीच्या दाताची खात्री

एखादी वस्तू किती घट्ट चिकटली आहे, हे ती उपटून पाहिल्याशिवाय कळत नाही. खुर्च्यांच्या बाबतीत हे सत्य आपल्याकडे फार पूर्वीच मान्य झालेलं होतं. दातांच्या बाबतीत ते मान्य व्हायला सन १९८१ उजाडावं लागलं. त्या वर्षी भंडारा जिल्ह्यात, हमरस्त्यावरच्या शहापूर गावी, दंतबंध चाचणी केंद्र सुरू झालं.

केंद्राचा हेतू थोर होता. तुटक्या दाताला जोड द्यायची तर मध्ये गोंद लागतो. दाताच्या वरच्या पांढऱ्या कवचाला गोंद बसतो, हे परदेशात सिद्ध होऊन जुनंही झालं होतं. पण कवचाखाली जो पिवळसर, ओलसर गाभा असतो (डॉक्टर लोक त्याला डेंटिन म्हणतात) तो कुठल्याच गोंदाला दाद देत नव्हता. आज लावलेला जोड उद्या भाताबरोबर पोटात जायचा. तेव्हा या गाभ्याला नवा गोंद किती चिकटतो ते मोजावं, आणि ते मोजण्याचा मान ग्रामीण भागाला मिळावा, असं ठरलं.

जागेची निवड काटेकोरपणे झाली. आंबागडचं नाव प्रथम पुढे आलं होतं, पण पाहणीसाठी गेलेली जीप किल्ल्याच्या पायथ्याशी बसली ती उठेना, म्हणून ते मागे पडलं. बपेऱ्याची जागा उत्तम होती. मात्र गाव सीमेवर असल्यामुळे एखादा दात महाराष्ट्राचा की मध्य प्रदेशचा, हा वाद उद्भवला असता. शहापुरात कोंबडीची पिल्लं उबवण्यासाठी बांधलेली इमारत तयार होती (पिल्लं आली नव्हती). गावात दात आहेत काय, अशी रीतसर विचारणा झाली आणि ‘सर्वसाधारणपणे आहेत’ असं उत्तर आल्यावर केंद्राला मंजुरी मिळाली.

प्रमुख म्हणून डॉ. घनश्याम पटले रुजू झाले. हे मूळचे तुमसरकडचे, हुशार, सरळ आणि नागपूरला बदली व्हावी एवढी एकच इच्छा असलेले गृहस्थ होते. ज्याच्या केंद्रातून पहिला चांगला निकाल येईल त्याला नागपूर, असं त्यांना वरून तोंडी सांगण्यात आलं होतं. त्यांच्या हाताखाली ईश्वर नावाचा शिपाई होता. दात ओढण्याचं परदेशी यंत्र वाटेत होतं. ते केंद्र बंद होईपर्यंत वाटेतच राहिलं.

यंत्र नसलं तरी अडायचं कारण नव्हतं, कारण पद्धत सोपी होती. दात काढायचा. त्याचं कवच घासून आतला पिवळा गाभा उघडा करायचा. दात प्लॅस्टरच्या ठोकळ्यात बसवायचा, उघड्या गाभ्याला गोंदाने एक लोखंडी आकडा चिकटवायचा, ठोकळा उलटा टांगून आकड्याला बादली अडकवायची आणि आकडा निघेपर्यंत बादली भरत राहायची. बादलीत वैनगंगेची वाळू घालावी तर महसूल खात्याचा परवाना लागे. दगड घालावे तर खाण खात्याचा. पाणी घालावं तर बादली गळकी होती. धानाला मात्र कुणाचाच परवाना लागत नव्हता. म्हणून पायलीने मापून धान घालायचं आणि ‘एक पायली म्हणजे इतकं वजन’ असा हिशेब धरायचा, असं ठरलं. शेजारच्या गोदामातून चार पोती धान मिळालंही. गोदामवाल्यांनी ते हसत हसत दिलं. तीन वर्षं त्या पोत्यांना कुणी हात लावला नव्हता, म्हणजे जणू विज्ञानासाठीच ती राखून ठेवली होती.

उणीव होती ती दातांची. बैलाचा दात चालेल, असं नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं. पण बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतं आणि मग वय ठरवतं, त्यामुळे एकही शेतकरी बैलाचा दात द्यायला तयार होईना. माणसाचं वय असं कुणी तोंड उघडून बघत नाही, तेव्हा माणसांकडे वळणं ओघानेच आलं. म्हाताऱ्यांचे दात आपसूक गळून आले, पण ते झिजलेले निघाले. बायकांचे गुडाखूची तंबाखू घासून घासून काळे पडलेले. पाहिजे होता तो समोरचा, किडका नसलेला, अर्धा तुटून आतला गाभा दिसत असलेला आणि मालक खुशीने देईल असा दात. असा दात सगळ्या तालुक्यात एकच होता आणि तो गोमाजी बांत्यांच्या तोंडात होता.

आता या दाताची थोरवी सांगितली पाहिजे. धान चुरून, म्हणजे मळून, झालं की ते पोत्यात भरण्याजोगं वाळलं का, हा शहापुरात सगळ्यांच्या जीवनमरणाचा प्रश्न असे. ओलं धान पोत्यात गेलं की तापतं, वास मारतं, कोंब फुटतात आणि तुमसरचा व्यापारी टिकाराम ते परत पाठवतो. दाणा समोरच्या दातांत धरून चावायचा. ‘कट्’ वाजला तर वाळला, नुसता दबला तर ओला, फुस्स झाला तर पोचट. चावता सगळ्यांनाच येतं. पण गोमाजींनी चावला की गावात पुन्हा कुणी चावत नसे. खळ्यावर माणसं श्वास धरून उभी असत. गोमाजी दाणा उचलत, आभाळाकडे बघत, कट् करत आणि म्हणत, “वाळला हाय.” पोत्यांची तोंडं शिवली जात. टिकारामही गोमाजींचं नाव ऐकल्यावर पोतं उघडायला लावत नसे. साठीला आलेल्या गोमाजींना या गोष्टीचा गर्व होता आणि तो ते लपवीत नसत. चावताना पागोटं नीट करून घेत ते उगाच नव्हे.

आणि गेल्या सुगीत नेमक्या त्याच वरच्या दाताखाली खडा आला. अर्धा दात गेला. उरलेल्या अर्ध्याला गार पाणी लागलं की डोक्यात कळ जाई. शेजारचे दात होते, पण ते कामाचे नव्हते. गोमाजींनी घरी गुपचूप चावून पाहिलं होतं, त्या दातांना सगळंच धान सारखं लागत होतं. त्यांचा चुलतभाऊ धनीराम (वय बेचाळीस, दात बत्तीस) गेली कित्येक वर्षं स्वतःच्या खळ्यावर कट्‌कट् करत बसलेला असे, कुणी विचारील म्हणून. दिवाळीनंतर धान कापणीला येणार होतं. तोपर्यंत दात धड झाला नाही तर गाव धनीरामकडे वळणार, ही भीती गोमाजींना रात्रंदिवस खात होती. दसऱ्याच्या आधी ते केंद्रात गेले.

“डॉक्टरसायेब, हा दात अर्धा तुटला. तुमच्यापाशी गोंद हाय म्हनते. लावून द्या, सुगी आली.”

“गोमाजी, हे चाचणी केंद्र आहे,” डॉ. पटले म्हणाले. “इथे दात दुरुस्त होत नाहीत. दुरुस्त होतील की नाही, ते तपासलं जातं.”

“मंग तपासा.”

“तपासायला दात लागतो.”

“हाय ना. हा काय.” गोमाजींनी आ केला.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी खेदाने मान हलवली. “तो तोंडात आहे.”

“तोंडात नाई राहीन तं कुठं राहीन जी?”

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. तोंडातल्या दाताला बादली टांगली तर दाताच्या आधी मान येईल, आणि मान हा विषय दुसऱ्या खात्याकडे आहे. म्हणून आधी दात काढावा लागेल. मग गोंद लावून तो ओढून बघता येईल. गोंद टिकला तर त्या गोंदाने दात दुरुस्त करायला मंजुरी मिळेल. आणि मंजुरी मिळाल्यावर जिल्ह्यात सर्वांत आधी दुरुस्त होईल तो गोमाजींचा दात. तसा अग्रक्रम राहील.

गोमाजींनी विचार केला. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर नाही म्हणणं त्यांना अडाणीपणाचं वाटलं. शिवाय ‘अग्रक्रम’ हा शब्द त्यांना आवडला. धनीरामला अग्रक्रम नव्हता.

चाचणीच्या दिवशी सकाळी दात काढला गेला. तो सहजासहजी निघाला नाही. सुई देऊन, एक गुडघा खुर्चीवर टेकवून डॉक्टरांनी बराच वेळ ओढला. ईश्वरने डोकं धरलं. दात हाडाला इतका घट्ट धरून होता की डॉक्टर घाम पुसत म्हणाले, “वा! असाच पाहिजे.” (तो मुळात कशाने चिकटला होता, ते गोंदांच्या मंजूर यादीत नसल्यामुळे ही ताकद मोजण्यात आली नाही.)

दुपारी केंद्राच्या आवारात सगळं गाव जमलं. ठोकळा टांगला होता, त्यात गोमाजींचा दात पिवळी बाजू खाली करून बसला होता, त्याला आकडा, आकड्याला बादली. सरपंचांनी नारळ फोडला. डॉक्टरांनी नियम वाचून दाखवले. त्यात एक असा निघाला की, भारासाठी वापरायचं धान वाळलेलं आणि भरलेलं असल्याची खात्री गावातल्या जाणकार व्यक्तीने द्यावी.

सगळ्या माना गोमाजींकडे वळल्या.

गोमाजी सवयीने उठले. पागोटं नीट केलं, पोत्यातून तीन दाणे घेतले, आभाळाकडे बघितलं आणि दाणे तोंडात टाकले. सुईचा असर उतरला नव्हता. अर्धं तोंड दुसऱ्याचं असल्यासारखं झालं होतं. जीभ कुठे, ओठ कुठे, खाली काय आणि वर काय, याचा पत्ता नाही. आणि वर जिथं दात असायचा तिथं कापूस. गोमाजी आभाळाकडे बघत राहिले. माणसं श्वास धरून राहिली.

“मी चावून पाहू का, भाऊ?” धनीराम पुढे सरकत म्हणाला.

“वाळला हाय,” गोमाजी म्हणाले. “भरला बी हाय.”

आयुष्यात पहिल्यांदा ते न चावता बोलले होते. हे त्यांच्याशिवाय कुणालाच कळलं नाही.

मग विज्ञानाने जे पाहिलं ते अपूर्व होतं. एक पायली घातली, आकडा हलला नाही. दुसरी घातली, नाही. परदेशात जिथं गोंदांनी हात टेकले होते तो टप्पा शहापुरात चौथ्या पायलीला मागे पडला. बादली भरली, तेव्हा तिच्या जागी मोठं टोपलं टांगलं. टोपलं शीग लागेपर्यंत भरलं. दात ढिम्म. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यात त्यांना नागपूर दिसत होतं. शेवटी, याहून जास्त चिकटणं नियमात बसत नाही असं म्हणून त्यांनी चाचणी थांबवली. ईश्वरने ते शिगोशीग भरलेलं टोपलं आकड्यावरून काढलं आणि एका करंगळीला अडकवून आत नेलं. त्याच्या करंगळीतल्या ताकदीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

संध्याकाळी गोमाजी जेवायला बसले तेव्हा सुईचा असर उतरत होता. गालात काहीतरी टोचलं. बोट घालून काढलं तर दुपारचे तीन दाणे. त्यांनी ते बायकोपुढे, गोदावरीबाईपुढे, धरले.

“चावून पाय.”

“मी काहून चाऊ? जिल्ह्याचे चावनारे तुमी.”

“पाय म्हनलो ना.”

गोदावरीबाईने चावले आणि थुंकले. “पोचट हाय बाप्पा. आतमंदी काईच नाई. हे काय कोंबड्याइले आनलं?” मग नवऱ्याचं तोंड बघून ती थबकली. “दात जोडाले गेले न् काढून आले. आता जेवा तरी.”

गोमाजी जेवले नाहीत. त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना तरुणपणी बैल हरवला तेव्हाही वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते केंद्र उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले.

“सायेब, धान पोचट होतं. मी चावलोच नाई.”

डॉ. पटल्यांनी त्यांना आत बसवलं, चहा मागवला. “गोमाजी, न चावता तुम्ही आजवर कधी खात्री दिली आहे?”

“नाई. कधीच नाई.”

“सगळ्या गावाला विचारलं तर गाव काय सांगेल?”

“हेच सांगन.”

“मग चावलंच असेल. तोंड बधिर असल्यामुळे तुम्हाला जाणवलं नाही.”

 गोमाजी म्हणाले, मग पुन्हा चावतो. डॉक्टरांनी तेही मान्य केलं, कारण ते खरोखर सरळ गृहस्थ होते. फक्त आधीची खात्री ज्या दाताने दिली, म्हणजे गाव ज्या दाताला मानतं, तोच दात फेरतपासणीला लागणार. तो आकड्याला चिकटलेला आहे. आणि तो निघत नाही, हे कालच शंभर साक्षीदारांसमोर सिद्ध झालेलं आहे.

(बारीकसारीक गोष्टींची आवड असलेल्यांसाठी: त्याच आठवड्यात नमुना वर पाठवण्यासाठी खोक्यात ठेवताना आकडा ईश्वरच्या हातात आला. विळ्याची मूठ बसवायला घरोघरी लाख असतेच. ईश्वरने ती तापवून आकडा पुन्हा बसवला, प्रवासात नमुन्याला त्रास होऊ नये म्हणून. वरच्या कार्यालयाने आकडा ओढून पाहिला आणि निकालाला दुजोरा दिला.)

दिवाळी झाली. डॉ. पटल्यांची नागपूरला बदली झाली. जाताना ते गोमाजींना कडकडून भेटले. शेतात कापलेल्या धानाचे ढीग, म्हणजे पुंजणे, उभे राहिले, चुरणं सुरू झालं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेची तयारी लागली. मंडईत यंदा प्रमुख पाहुणे गोमाजी, असं ठरलं. ज्याचा दात सरकारने तपासून पक्का ठरवला असा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. धनीराम गप्प झाला. त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात तोंडात होते, पण त्यांची तपासणी झालेली नव्हती.

पहिल्या खळ्यावर गोमाजींना बोलावणं आलं. गोदावरीबाई म्हणाली, “जाऊ नका जी. आंग दुखते म्हना.” पण गोमाजी निघाले. रात्रभर विचार करून त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. सगळं गाव हजर होतं. गोमाजींनी दाणा तोंडात टाकला, आभाळाकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि साठ वर्षांचा सगळा गर्व गिळून म्हणाले,

“मले नाई कळून राहिलं.”

 मग एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, “पाहा रे पोरंहो. एवढा मोठा मानूस, सरकारनं ज्याचा दात मानला, न् बोलनं किती लीन!”

“मी खरंच सांगून राहिलो, मले नाई कळत.”

“हे असं पायजे,” दुसरा म्हणाला. “शिवा रे पोती.”

“ओला हाय,” धनीराम चावून ओरडला. “अजून दोन उन्हं पायजेत!” पण तेव्हा सुतळी ओवून झाली होती, आणि मत्सराने माणूस कसा आंधळा होतो, यावर गावात दोन दिवस बोलणं झालं.

पोती तुमसरला गेली. टिकारामने नाव ऐकून उघडली नाहीत. महिन्याभराने उघडली तेव्हा आत हिरवे कोंब होते आणि वास चौकापर्यंत येत होता. ती सगळी परत आली. गोमाजी पोत्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, माझ्यामुळे झालं, मला शिव्या द्या. गावाने त्यांना शिव्या दिल्या नाहीत. रस्त्यात पाऊस लागला असेल, म्हणाले. (डिसेंबर होता.) टिकारामचं गोदाम गळत असेल, म्हणाले. कुणी चहा आणला, कुणी पाठीवर हात फिरवला. त्या दिवशी गोमाजी घरी येऊन पोटभर रडले. गोदावरीबाई शेजारी बसून राहिली. तिने एकदाही टोमणा मारला नाही, तेव्हा त्यांना आणखीच रडू आलं.

पुढच्या सुगीपासून ते खळ्यावर गेले नाहीत. त्याने काही बिघडलं नाही. गोमाजी आजाराचं कारण सांगून घरी बसले तरी त्यांच्या नावाने पोती शिवली जात.

अग्रक्रमाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. गोंदाला मंजुरी मिळाली आणि दिलेला शब्द पाळून केंद्राने गोमाजींना दुरुस्तीसाठी सर्वांत आधी बोलावलं. मात्र येताना दात सोबत आणावा, असा निरोप होता. दात वरच्या कार्यालयात काचेच्या कपाटात आहे आणि दाखवायचा नमुना म्हणून तो कुणालाही मिळत नाही. केंद्र बंद झालं. इमारतीत आता कोंबड्या आहेत, त्या आपल्या आपण आल्या.

गोंद मात्र सगळीकडे पोचला. भंडाऱ्यात, नागपुरात, तुमच्या गावात. पांढऱ्या कोटातल्या माणसाने ‘आ करा’ म्हटलं आणि तुम्ही आ केलात, हा गोंद कशावर तपासला, असं विचारलं नाहीत, तेव्हा तुमच्या त्या दाढेत तोच बसला. हो, तीच दाढ, जिच्याकडे आत्ता तुमची जीभ गेली आहे. पक्की लागते ना? लागते म्हणता तर लागत असेल. आम्ही तुमचं तोंड उघडून बघणार नाही. शहापुरातही अशा वेळी नुसत्या शब्दावरच पोती शिवतात.